उस्ताची भीड

एज्जतचं नाव त्याच्या आजोबांनी ठेवलं. पोरगं घराण्याची इज्जत राखील, असं त्यांना वाटलं असणार. पोराने जन्मभर राखली ती दुसऱ्यांची: शेजाऱ्याची, साडूची, साहेबाची आणि सगळ्यांत जास्त उस्ता बहगतची. असा माणूस गल्लीत सगळ्यांना हवा असतो. लग्नाला तो हवा, भांडण मिटवायला तो हवा, कुणासाठी कुठे शब्द टाकायचा असला तरी तोच हवा. नाही म्हणायला त्याची जीभ कधी रेटली नाही. भीड भिकेची बहीण, असं म्हणतात. पण भिडेचं फळ भीड धरणाऱ्यालाच मिळतं असं थोडंच आहे? एज्जतच्या भिडेपायी जी जिवानिशी गेली, ती मुलगी त्याच्या ओळखीचीही नव्हती.

तो कैरोतल्या मतारियाचा, ट्राम कंडक्टरचा मुलगा. अठराव्या वर्षी विमानं दुरुस्त करण्याच्या हँगरमध्ये लागला आणि उस्ता, म्हणजे मुख्य मिस्त्री, बहगतच्या हाताखाली पडला. बहगत तेव्हा पस्तिशीचा होता. जाड मिशा, त्याहून जाड बोटं. पण ती बोटं जिथे उजेड पोचत नाही तिथे शिरून नट शोधून काढायची. पाना कसा धरायचा, आटा कुठे थांबला हे कानाने कसं ओळखायचं, नट फिरू नये म्हणून त्याच्यातून स्प्लिट पिन घातल्यावर तिचे दोन पाय कसे विरुद्ध बाजूंना मुडपायचे, हे सगळं एज्जत त्याच्याकडून शिकला. सुरुवातीला पाठीत धपाटेही खाल्ले. बाप ट्रामवरून पडून अंथरुणाला खिळला तेव्हा दवाखान्यात पहिला धावून आला तो उस्ताच. एज्जतच्या लग्नात मुलाकडून उभा राहिला तोही उस्ताच. असा माणूस. त्याच्याशी वर मान करून बोलणं एज्जतला जमलं नाही, आणि जमावं असं त्याला वाटलंही नाही.

हँगरमध्ये नियम होता. जोखमीच्या कामावर दोन सह्या. एक करणाऱ्याची, दुसरी बघणाऱ्याची. बघणाऱ्याने स्वतः शिडी चढायची, बॅटरी लावायची आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, असं पुस्तकात छापलेलं होतं. पुस्तक परदेशात लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्याला उस्ता बहगत ठाऊक नव्हता.

एकदा मग्दी नावाचा नवा तपासनीस बाहेरून शिकून आला. उस्ता शिडीवरून उतरला तसा हा बॅटरी आणि आरसा घेऊन वर चढला. उस्ताने ते बघितलं. त्याने हत्यारं पुसून पेटीत ठेवली, सदरा चढवला आणि घरी गेला. दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी मोठे साहेब शुक्री बे स्वतः बसबूसा मिठाईचा खोका घेऊन त्याच्या दारात उभे राहिले तेव्हा कुठे स्वारी परत आली. मग्दीची बदली भांडारात झाली. तिथे तो पुढची सहा वर्षं रबराच्या चकत्या मोजत होता. त्यानंतर कुणी उस्ताच्या हातामागे बॅटरी धरली नाही. उस्ता फडक्याने हात पुसायचा, तपासनीस विचारायचा, "तमाम?", म्हणजे सगळं ठीक ना? उस्ता म्हणायचा, "तमाम." की झाली सही. आणि खरं सांगायचं तर त्याचं काम कधी चुकलेलं निघालं नाही, म्हणून रीत पक्की झाली.

एज्जतला तपासनिसाच्या परीक्षेला बसवलं तेही उस्तानेच. "माझ्या कामावर कुणा परक्याची सही नको," म्हणाला. एज्जत पास झाला तेव्हा उस्ताने साऱ्या हँगरला सरबत पाजलं. दुसऱ्या दिवशी पहिलंच काम उस्ताचं होतं. एज्जत नव्या अंगरख्यात, नवी बॅटरी घेऊन शिडीकडे वळला. हात पुसता पुसता उस्ताने विचारलं, "कुठे निघालास?"

"कुठे नाही," एज्जत म्हणाला. "तमाम?"

"तमाम."

त्यालाही आता आठ वर्षं झाली होती. उस्ता साठीला आला. निवृत्तीला चार महिने उरले असताना एज्जतच्या लक्षात आलं की उस्ता चहाचा ग्लास टेबलावर ठेवताना आधी बोटाने टेबलाची कड चाचपतो. एक दिवस त्याने एका वायरीवरची चिठ्ठी समोर धरून विचारलं, "ही लाल ना रे?" चिठ्ठी हिरवी होती. घरी जेवताना एज्जत बायकोला म्हणाला, "उस्ताच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय."

नगात फटकळ बाई. "मग सांग साहेबांना," ती म्हणाली. "आंधळा माणूस विमानं दुरुस्त करतोय आणि तू मला सांगतोस? मी काय करू, विमानावर भात वाढू?"

"चार महिने राहिलेत गं. सांगितलं की उद्याच त्यांना डॉक्टरकडे नेतील आणि भांडारात बसवतील. बेचाळीस वर्षं घासली त्या माणसाने. शेवटचे चार महिने चकत्या मोजत बसायचं? लोकांसमोर?"

नगात ताटं उचलायला लागली. भिडेचं हेच असतं. ती चांगुलपणासारखी दिसते, म्हणून तिच्याशी भांडता येत नाही.

त्याच दिवसांत उस्ताची आणखी एक गोष्ट बदलली. पूर्वी तो काम झाल्यावर शिडी जागच्या जागी लावल्याशिवाय हलायचा नाही. शिडी उभी टाकून जाणारा म्हणजे दार उघडं ठेवून गावाला जाणारा, हे त्याचंच बोलणं. आता तो शेपटीखाली शिडी तशीच उभी सोडायचा, "तमाम" म्हणायचा आणि चहाच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. बराच वेळ बसायचा. एज्जतला भरून यायचं. दमतो बिचारा, आता शिडीही उचलवत नाही त्याच्याने. मग तो स्वतः शिडी उचलून भिंतीला लावून ठेवायचा, कुणाला दिसू नये म्हणून घाईघाईने. आणि सही करायचा.

हँगरमध्ये विमानांना नावं पडलेली असतात. नुकताच रंग दिलेल्या एका विमानाला सगळे नवरी म्हणायचे. रमझानच्या एका दुपारी, निवृत्तीला अकरा दिवस उरले असताना, उस्ताने नवरीच्या शेपटीतली एक दांडी बदलली. विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या अशा दोन दांड्या असतात. दांडीचा बोल्ट, बोल्टवर नट, नटातून पिन. उस्ता उतरला, हात पुसले. "तमाम?" "तमाम." त्याने चहा घेतला नाही, रोजा होता, पण सवयीने चहाच्या कोपऱ्यात जाऊन बसला. एज्जतने शिडी उचलून ठेवली.

उस्ताचा निरोपसमारंभ झाला. शुक्री बेंनी चांदीचा पाना दिला, भाषण केलं, उस्ता रडला, सगळे रडले. पंधरवड्याने त्याने एका डोळ्याचं ऑपरेशनही करून घेतलं.

आणि त्यानंतर आठवड्याभरातच नवरी अस्वानला उतरायच्या बेतात असताना तिचं नाक एकदम वर उसळलं आणि तितक्याच जोरात खाली पडलं. दोन दांड्यांपैकी एक निखळली होती. दुसरीच्या जोरावर वैमानिकाने तिला कसंबसं उतरवलं. बांधून बसलेले वाचले. शेपटीकडे उभी राहून चहाच्या किटल्या आवरणारी नर्मीन नावाची हवाई सुंदरी छतावर आदळली. सव्वीस वर्षांची, कैरोतल्या शुब्रा वस्तीतली. मान मोडली होती. दुसऱ्या दिवशी गेली.

चौकशी बसायच्या आधी शुक्री बेंनी एज्जतला आपल्या खोलीत घेतलं, दार लावलं. "दांडीवर पिन नव्हती म्हणे. तू सही केलीस म्हणजे बघितली असणारच."

एज्जत दाराच्या कडीकडे बघत राहिला.

"बघितलीच असणार," शुक्री बे पुन्हा म्हणाले. "पिन मागाहून तुटली. बनवणाऱ्याचा दोष. उस्ता बिचारा डोळ्याला पट्टी लावून घरी बसलाय, त्याच्या दारात आता पोलीस पाठवायचे का? तुझी नोकरी आहे, मुली लग्नाच्या आहेत. आणि ती मुलगी काही परत येणार नाही. काय?"

चौकशी समितीवर इनास नावाच्या एक इंजिनिअर बाई होत्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी कागद पुढे केला. "सही तुमचीच ना?"

"माझीच."

"पिन बघितली होतीत?"

"बघितली. होती."

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला ऐकू आले. इनासबाईंनी बोल्टचा फोटो त्याच्यापुढे सरकवला. "पिन तुटली तर भोकाला ओरखडे पडतात, एज्जतभाई. हे भोक नव्यासारखं स्वच्छ आहे. मला चोर पकडायचा नाहीये. तुमच्याकडे रोजचं काम कसं चालतं, तेवढं सांगा."

"पुस्तकात लिहिलंय तसंच चालतं, बाई."

झालं. इनासबाईंचं म्हणणं बाजूला पडलं आणि त्या जबानीवरून पिनांच्या खोक्यावर संशय गेला. त्या खोक्यातल्या पिना ज्या तीन विमानांना लावल्या होत्या तेवढी तपासली, त्यांच्या पिना जागच्या जागी सापडल्या, बाकीची उडत राहिली. आणि एज्जतला खरी भीती वाटली ती इथे. नर्मीन तर गेलीच होती. पण त्या चार महिन्यांत उस्ताने काय एकट्या नवरीचंच काम केलं होतं? जी विमानं रोज सकाळी माणसं भरून आकाशात जात होती, त्यांतल्या कितींवर उस्ताचा अंधूक डोळा आणि एज्जतची न बघता केलेली सही होती, ते कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं ते एज्जतला, आणि एज्जत गप्प होता.

अपघाताच्या चौथ्या दिवशी तो शुब्राला नर्मीनच्या मातमाला, दुखवट्याच्या बैठकीला गेला. का गेला, त्यालाही सांगता आलं नसतं. रांगेत उभ्या असलेल्या नातेवाइकांशी हात मिळवत पुढे सरकला, खुर्चीवर बसला, बिनसाखरेची कॉफी घेतली. उठताना नर्मीनच्या बापाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही तिच्या कामावरचे?"

"हो."

"वेळ काढून आलात. अल्लाह तुमच्या येण्याचं चीज करो."

एज्जत बाहेर येऊन भिंतीला टेकला आणि तिथेच त्याला उलटी झाली. तरीही तो बोलला नाही. पाच दिवस आणखी गेले. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही. अशा वेळी माणूस वाईट असतो म्हणून गप्प बसत नाही. कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं, आणि ते नाव जिभेवर येत नाही. पण विमानाला त्याच्याशी काय देणंघेणं?

नवव्या दिवशी तो उस्ताकडे गेला. आधी उस्ताला सांगावं, मग समितीला, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. तीही भीडच. उस्ता खिडकीशी बसला होता, एका डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळी. त्याने बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

"नवरीच ना ती?" उस्ताने विचारलं.

"हो."

"टीव्हीवर म्हणत होते, पिन तुटली."

"तुटली नाही, उस्ता. नव्हतीच."

उस्ताने डोळ्यावरची जाळी नीट केली. मग त्याने विचारलं, अगदी साधेपणाने, एखाद्याला पत्ता विचारावा तसं, "मग तुला कशी नाही दिसली?"

"मी बघितली नव्हती."

"नवरीची बघितली नव्हतीस. बाकीच्या?"

"बाकीच्याही नाही."

"एकही?"

"एकही नाही, उस्ता. तुम्ही तमाम म्हटल्यावर मी तुमच्या मागे कसा चढणार?"

"गाढवा, मला दिसत नव्हतं."

"मला ठाऊक होतं."

"तुला ठाऊक आहे, हे मलाही ठाऊक होतं!" उस्ताचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "म्हणून तर करत राहिलो. म्हटलं, मागे एज्जत आहे. शिडी कशाला उभी ठेवत होतो मी? जन्मात कधी ठेवली होती? ग्लास रिकामा झाला तरी त्या कोपऱ्यात बसून राहायचो, ते काय चहाच्या प्रेमाने? म्हटलं, पोरगं भिडस्त आहे, माझ्यासमोर चढायचं नाही. आपण जरा बाजूला व्हावं. चढेल, बघेल, काही राहिलं असेल तर गुपचूप लावून टाकील. रोज तुझ्यासाठी वेळ काढून देत होतो मी."

"मला वाटलं, दमता तुम्ही," एज्जत म्हणाला. "मी उचलून ठेवायचो."

"काय?"

"शिडी. उचलून भिंतीला लावून ठेवायचो. कुणी तुम्हाला नावं ठेवू नयेत म्हणून."

उस्ताने तोंडावर हात ठेवला.

"पहिल्या दिवशी मी चढायला निघालो होतो," एज्जत म्हणाला. त्याचा स्वर तक्रारीचा नव्हता. "कुठे निघालास, म्हणून तुम्हीच विचारलंत."

"तेव्हा मला डोळे होते."

कागदावर दोन सह्या होत्या. एकाला वाटत होतं, मागचा बघतोय. दुसऱ्याला वाटत होतं, पुढच्याने केलंय. दोघांचं एकमेकांवर इतकं प्रेम होतं की तोंड उघडून एक वाक्य बोलायला दोघांनाही लाज वाटली, आणि त्या पिनेकडे कुणीच बघितलं नाही. याला काय म्हणायचं? मला तर रागही धड कुणाचा धरता येत नाही, आणि धरल्याशिवाय राहवतही नाही.

"लिही," उस्ता म्हणाला.

"काय?"

"दांडीची, चाकाची, जिथे जिथे पिन होती ती सगळी कामं. लिही."

एज्जतने खिशातून कागद काढला. उस्ताने डोळे मिटले आणि सांगायला लागला. लंगडी, डावी दांडी, रजब महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. मावशी, उजवी दांडी. पोपट, मागचं चाक. वहीत बघूनही कुणी सांगणार नाही अशा बिनचूक क्रमाने त्याने सतरा कामं सांगितली, अकरा विमानांची. मग म्हणाला, "माझं नाव वर घाल. डोळे गेलेत हे ठाऊक असून काम करत होतो, असं लिही. तुझं खाली. आणि ऊठ. चहा राहू दे. आज नऊ दिवस झाले ना?"

"नऊ."

"मग बसलास कशाला इथे?"

सव्वीस वर्षांत त्या घरातून एज्जत पहिल्यांदाच चहा न घेता उठला. तडक गाडी करून तो समितीच्या कचेरीत पोचला तेव्हा कुलूप लागलं होतं. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीपासून तो पायरीवर बसला. इनासबाईंनी यादी वाचली आणि त्याच्याशी बोलायच्या आधी तीन फोन केले. अकराही विमानं जिथे असतील तिथे थांबवा, म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या.

"त्या दिवशी रोजा होता. दुपारची वेळ होती. चक्कर, भूक, असं काही?"

त्या सुटायला वाट करून देत होत्या, हे एज्जतला कळलं. "भूक नव्हती, बाई," तो म्हणाला. "भीड होती."

"कुणाची?"

"सगळ्यांनाच सगळ्यांची. पण सही माझी आहे."

पुढे व्हायचं ते झालं. एज्जतचा परवाना गेला, कोर्टात खटला उभा राहिला. उस्ता जबानीला आला तो सुटाबुटात, बायकोच्या हाताला धरून, आणि सारं हँगर त्याच्यासाठी उठून उभं राहिलं. एज्जत आपली पेटी न्यायला गेला तेव्हा त्याच्या सलामाला कुणी उत्तर दिलं नाही. "वाट द्या रे, सत्यवादी शेख आलेत," कुणीतरी मागून म्हणालं. "उस्ताला बाजारात विकून आलेत." शुक्री बेंची खुर्ची तेवढी शाबूत राहिली. उस्ताने त्यानंतर एज्जतचा फोन कधी घेतला नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत नवा नियम लागला, की बघणाऱ्याने चढूनच बघायचं. नियम जुनाच होता, फक्त अक्षरं नवी.

पण यातलं बरंचसं नंतरचं. यादी दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी एज्जत घरी मुलुखियाच्या पालेभाजीची वाटी पुढ्यात घेऊन बसला असताना इनासबाईंचा फोन आला.

"मावशी," त्या म्हणाल्या. "उजवी दांडी. पिन नव्हती. नट शेवटच्या दोन आट्यांवर होता. तुम्ही यादी आणलीत त्याच दिवशी दुपारी ती मक्केला उमऱ्यासाठी जाणारे यात्रेकरू घेऊन जेद्दाला निघायची होती, एकशे अडतीस माणसं. तुम्ही आला नसतात तर... हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय. ती माणसं तुमच्यामुळे घरी गेली."

एज्जतने विचारलं, "अपघातानंतर मावशी किती वेळा उडाली?"

"ते कशाला?"

"तुमच्यासमोर कागद असेल, बाई. सांगा ना."

कागद चाळल्याचा आवाज आला. "एकतीस."

त्याने फोन ठेवला. नगातने भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. "कोण होतं?"

"इनासबाई. शाबासकी द्यायला."

"मग असा का बसलास? या घरात एवढ्या दिवसांत एक तरी चांगला शब्द आला."

"मावशी एकतीस वेळा उडाली, नगात," एज्जत म्हणाला. "माणसं भरून. आणि एकतीसही वेळा मला ठाऊक होतं."